मॉर्वेनच्या बाहीचा वास

कल्पना करा, डोंगराचा एक उतार आहे आणि तो सगळा काटेरी झुडपांनी भरलाय. पण काटे दिसत नाहीत. मे महिना आहे, आणि झुडपांवर पिवळी फुलं अशी लगडलीत की कुणी उतारावरून हळदीचं पोतं ओतलं असावं. खाली ओढा, ओढ्याकाठी व्हिस्कीची भट्टी, भट्टीचं टोकदार धुराडं. आणि उतारावर, ऐन झुडपात, एक मुलगी. तिचं डोकं फुलांत आहे. बाकी सगळी ती बाहेर आहे, कंबरेत वाकलेली, काटे लागू नयेत म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरून.

दिसली? आता तिच्या मागून एक काळापांढरा कुत्रा येऊ द्या, आणि कुत्र्याच्या मागून त्याचा मालक.

"काही हरवलंय का?" त्याने विचारलं.

मुलगी दचकली, आणि दचकल्याबरोबर झुडपाने तिचे केस धरले.

"नाही... म्हणजे, वास शोधतेय."

"मग? सापडला?"

"सापडला. नाव सापडत नाहीये. तीन दिवस येतेय मी रोज सकाळी. आणि आता केस..."

"हलू नका." तो जवळ आला. एकेक बट तो सावकाश सोडवू लागला, जराही न ओढता. "मेंढ्यांची लोकर याच झुडपात अडकते. सवय आहे मला. फक्त मेंढ्या एवढी चुळबुळ करत नाहीत."

"मेंढ्यांना कुणी 'काही हरवलंय का' असं विचारतही नसेल."

"विचारतो ना. उत्तर देत नाहीत बिचाऱ्या." शेवटची बट सुटली. त्याने एक फूल खुडलं, बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं. "खोबरं."

"काय?"

"तुमच्या वासाचं नाव. नाताळात आई खोबऱ्याची बिस्किटं करायची. नुकती भाजून काढलेली."

मुलीने वास घेतला. डोळे मिटले, पुन्हा घेतला. खोबरंच होतं. इतकं खोबरं, की आता दुसरं काही सुचेना. तिने डोळे उघडले तर समोर दोन करडे डोळे हसत होते, आणि आपण त्या माणसाची बोटं हुंगत उभ्या आहोत हे तिच्या ध्यानात आलं.

ती मॉर्वेन. तो लॉक्लन, डोंगरावरच्या एकट्या घरात राहणारा मेंढपाळ. आणि गाव आखनाबेग, स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या एका दरीतलं.

मॉर्वेन त्या भट्टीत नवी होती. ॲबर्डीनहून वासाचं काम शिकायला आली होती. हे काम पिण्याचं नव्हे, बरं का. पिणाऱ्याला ते जमतच नाही. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं निजलेली व्हिस्की कुठवर आली, कुणाशी मिसळावी, कुणाला अजून झोपू द्यावं, हे नाकाने सांगायचं. फार तर एक घोट जिभेवर फिरवून थुंकायचा. भट्टीत हे ठरवणारं चौघांचं मंडळ होतं. त्यातले एक म्हातारबुवा निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. ती खुर्ची मॉर्वेनला हवी होती. दुसरं काही तिने आयुष्यात इतकं मनापासून मागितलं नव्हतं.

मंडळाच्या प्रमुख एल्स्पेथबाई. अंगाने काडी, आवाजाने घंटा. पहिल्या आठवड्यातच त्यांनी निदान केलं होतं, "नाक चांगलंय तुझं, पोरी. पण मुकं आहे. कुठलाही ग्लास दिला की म्हणतेस 'छान'. छान हा वास नाही. जा, जगात कशाकशाला कसा वास येतो ते हुंगून ये. नावं गोळा कर. मग बोलू."

म्हणून ती झुडपात डोकं खुपसून उभी होती.

त्या दिवसापासून लॉक्लन खिशातून वास आणू लागला. भट्टी सुटली की ती ओढ्यावरच्या पुलावर यायची, तो मेंढ्या वळवून यायचा.

"डोळे मीट."

अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मिटले. आज काय... ओले मोजे?"

"माझे मोजे खिशात का ठेवीन मी? नीट बघ."

"उबदार आहे. तेलकट... मेणासारखं. आणि थोडं—लॉक्लन, हे कोकरू आहे का?"

"कोकराची लोकर. कोकरू खिशात मावलं नाही."

कधी वाळलेलं गवत, कधी घोड्याच्या खोगिराचा तुकडा, कधी चर्चमधली अर्धी मेणबत्ती. ("ही तू चोरलीस?" "उसनी आणली. देवाला सांगून.") आणि मग भट्टीत एक दिवस निळा ग्लास नाकाशी नेताना तिला आत कुणीतरी ओळखीचं भेटलं. रंग बघून मन फसू नये म्हणून ते ग्लास निळे असायचे.

"पेअर," ती म्हणाली. "पिकलेलं, सालीसकट. मागे मेण आहे... विझलेल्या मेणबत्तीचं. आणि अगदी शेवटी वाळलेलं गवत, पण पाऊस पडून गेल्यानंतरचं."

एल्स्पेथबाईंनी नुसता पुढचा ग्लास सरकवला. पण मंडळातल्या सगळ्यात जुन्या डूगलकाकांनी टेबलाखालून तिला हळूच अंगठा दाखवला.

"आता एक युक्ती शीक," एल्स्पेथबाई म्हणाल्या. "पाच-सहा ग्लास झाले की नाक थकतं. तेव्हा स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. असा, कोपराच्या खोबणीत. आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून ती आपली कोरी पाटी. पाटी पुसली की पुढचा ग्लास."

मॉर्वेनने बाहीत नाक खुपसलं. खरंच, काहीच नव्हतं तिथे. कोरी पाटी.

उन्हाळा सरत आला तशी ती लॉक्लनच्या घरी जाऊ लागली. घर म्हणजे दोन खोल्या, कुत्रा आणि चूल. दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या विटा त्या चुलीत जळायच्या. पीट म्हणतात त्याला. बाकी दरीत सगळीकडे गॅस आणि वीज आली होती. पीट जाळणारं ते एकच घर उरलं होतं. रात्री निजताना लॉक्लन निखारे राखेखाली झाकायचा आणि सकाळी राख बाजूला सारून तोच विस्तव फुलवायचा. त्याची आई थोरल्या मुलीकडे राहायला गेली तेव्हा तिने जाताना एवढंच सांगितलं होतं: चूल विझू देऊ नकोस.

त्या चुलीपाशी मॉर्वेनने त्याला व्हिस्की चाखायला शिकवली.

"पहिला घोट फुकट जातो," ती म्हणाली. "तो जिभेला फक्त जागं करतो. गिळू नकोस लगेच. फिरव."

"फिरवला. दारू लागते."

"आता पाण्याचे दोन थेंब. थांब, मी घालते. आता?"

"ओली दारू."

"लॉक्लन."

"बरं, बरं." त्याने डोळे मिटले. या वेळी त्याने खरंच वेळ घेतला. बाहेर पावसाची भुरभुर छपरावर वाजत होती. "मध आहे. आपल्या डोंगरावरच्या जांभळ्या फुलांचा. आणि मागून... सफरचंद, पेटीत विसरलेलं. असं काहीतरी आहे का?"

"आहे." तिचा आवाज बारीक झाला होता. "अगदी तसंच आहे."

"आणखी एक आहे. पण त्याचं नाव मला ठाऊक नाही."

"कसं आहे ते सांग. आपण शोधू."

"संध्याकाळ झाली की येतं," तो ग्लासाकडे बघत म्हणाला, "आणि गेलं की घर मोठं वाटतं."

मॉर्वेन कुत्र्याचे कान खाजवत बसली.

ऑक्टोबरात परीक्षा आली. टेबलावर निळ्या ग्लासांची रांग, आणि त्यातल्या एकात दोष. मंडळातल्या सगळ्यांनी हुंगायचं, पण बोलायचं फक्त मॉर्वेनने. जमलं तर खुर्ची तिची.

ती एकेका ग्लासापाशी थांबली. पेअर, मध, मेण, गवत... नावं आता हाक मारल्यासारखी येत होती. मध्ये मध्ये बाहीत नाक, पाटी कोरी, पुढचा ग्लास. शेवटी तिने मान वर केली.

"दोष नाही कशातच. सगळे स्वच्छ आहेत."



"पुन्हा बघ," एल्स्पेथबाई म्हणाल्या. "चौथा."

तिने पुन्हा बघितलं. "स्वच्छ आहे."

"त्यात बेटांवरच्या धुरकट व्हिस्कीचा थेंब टाकलाय मी. आपल्या भट्टीत धूर म्हणजे सगळ्यात मोठा दोष. दारातल्या पाहुण्यालासुद्धा कळेल तो, पोरी."

"मला मात्र गोंधळ झाला," डूगलकाका नाक ओढत म्हणाले. "धूर येतोय खरा. पण ग्लासातून येतोय की पोरीतून, तेच समजेना."

एल्स्पेथबाई उठल्या. त्यांनी मॉर्वेनचा हात धरला, कोपरापाशी वाकल्या आणि तिच्या बाहीचा वास घेतला. मग सरळ होऊन म्हणाल्या, "पीट. स्वेटर धूर पिऊन बसलंय. केससुद्धा."

"पण मला तर... मला काहीच..." मॉर्वेनने घाईने बाही नाकाशी नेली. काही नाही. कोरी पाटी.

आणि मग तिला उमगलं. दरीत पीट जाळणारं घर एकच होतं. त्या घराचा वास तिला येत नव्हता, कारण तो आता तिचाच वास झाला होता. जिला ती कोरी पाटी समजत होती, तिच्यावर लॉक्लन लिहिलेला होता.

ती कानापर्यंत लाल झाली. डूगलकाका खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होते.

एल्स्पेथबाई हसत नव्हत्या. "तुझं प्रेम तुझ्यापाशी. पण जो वास घरात राहायला येतो, त्याला नाक आंधळं होतं. आणि धुराला आंधळी झालेली व्यक्ती मला या टेबलावर नको. खुर्ची हवी की ते घर, रविवारी चहाला ये आणि सांग."

बातमी तिच्याआधी डोंगरावर पोचली. शनिवारी ती गेली तेव्हा लॉक्लन दारातच उभा होता.

"तुझ्या बाहीला माझ्या घराचा वास येतो, हे सगळ्या दरीला कळलं," तो म्हणाला. "मलाच काय ते शेवटी कळलं."

"चिडवू नकोस. आज नको."

"चिडवत नाहीये. उद्या चूल विझवतो मी. चहा काय, गॅसवरही होतो."

"आणि आईला काय सांगशील?"

"सांगेन, एका मुलीच्या नाकासाठी विझवली. तिला नाक बघायला आवडेल." तो हसला, पण हसताना नजर चुलीकडे गेली आणि तिथेच राहिली. मॉर्वेनने ते पाहिलं. खुर्ची सोडते म्हणावं, तर ते म्हणवेना. चूल विझव म्हणावं, तर तेही म्हणवेना. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी ती उत्तराशिवायच एल्स्पेथबाईंच्या दारात उभी राहिली.

दार उघडलं आणि तिचे डोळे पाणावले. रडू आलं नव्हतं. मांजरं होती. एक पायरीवर, एक खिडकीत, एक पावाच्या टोपलीत, आणि चौथं खुर्चीवर, जिथे तिला बसायला सांगण्यात आलं. वास असा होता की चहाचा कप तोंडाशी नेताना तिने श्वास रोखला.

"खिडकी जरा उघडू का, एल्स्पेथबाई?"

"कशाला? गार वारा येतोय."

"जरा... मांजरांचा..."

"मांजरांचा काय?"

"वास येतोय."

"माझ्या घरात?" एल्स्पेथबाई ताठ झाल्या. "पोरी, माझ्या मांजरांना वास नाही. बारा वर्षं आहेत ती इथे. मला आला नसता का?"

मॉर्वेनने कप खाली ठेवला. अगदी सावकाश.

"भट्टीत," ती म्हणाली, "कधी एखाद्या पिंपाला तसला वास लागला... मांजराचा, तर तो कोण पकडतं?"

"तो डूगल..." एल्स्पेथबाई बोलता बोलता थांबल्या. टोपलीतल्या मांजराने जांभई दिली. "नेहमी डूगलच पकडतो," त्या म्हणाल्या, या वेळी घंटेच्या आवाजात नव्हे. "मी म्हणायचे, मेल्याला भास होतात."

"आणि डूगलकाकांना काय येत नाही?"

"तंबाखू. त्याच्यासमोर तंबाखूचं शेत पेटवलं तरी स्वच्छ म्हणेल."

"मग मंडळात चौघं का असतात?" मॉर्वेनने विचारलं. खुर्चीवरचं मांजर एव्हाना तिच्या मांडीवर आलं होतं; तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धूर तुम्ही तिघं बघा. मी बघणार नाही, बघते असं ढोंगही करणार नाही. मांजर मी बघेन. तंबाखूही बघेन. बाकी सगळं बघेन. खुर्ची मला हवी आहे, एल्स्पेथबाई. आणि ते घरही हवं आहे. दोन्ही मागतेय मी."

एल्स्पेथबाईंनी स्वतःची बाही नाकाशी नेऊन एक लांब श्वास घेतला, आणि मान हलवली.

"काही म्हणजे काही येत नाही," त्या म्हणाल्या, आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांनी खिडकी उघडली. "सोमवारी आठला ये. केस धुऊन. खुर्चीचा पाय जरा डुगडुगतो, तेवढा सांभाळ."

मॉर्वेन चढ चढून गेली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. लॉक्लन चुलीसमोर जमिनीवर बसला होता. शेजारी पाण्याची भरलेली बादली. कुत्रा आळीपाळीने दोघांकडे बघत होता, बादलीकडे आणि मालकाकडे.

"दुपारपासून बसलोय," तो मान न वळवता म्हणाला. "हात उचलत नाही. म्हटलं, तू आलीस की ओततो."

"धूर मंडळातले बाकीचे तिघं बघणार आहेत," मॉर्वेन म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे खुर्ची मिळाली."

"आणि तू?"

"मी इथे राहणार आहे. धुरात."

तो वळला. हाताने त्याने बादली दूर सारली.

मॉर्वेनने बादली उचलली आणि अंगणात नेऊन ओतून टाकली. आत आली. भिंतीशी रचलेल्या विटांपैकी एक हलकी, चांगली वाळलेली वीट तिने निवडली, गुडघे टेकले, राख बाजूला सारली आणि ती वीट निखाऱ्यांवर ठेवली. धूर उठला तो थेट तिच्या केसांत गेला. तिने डोळे चोळले, फुंकर घातली, आणि लॉक्लनला कोपराने ढोसून म्हणाली, "सरक जरा. मला बसू दे."