शेवटचं कडवं

सरका जरा आत, आणि ते मोबाईल पालथे ठेवा. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण बटणमामाने आयुष्यात थाप मारली ती एकाच गाण्यापायी, आणि ती मला नाही मारली.

बटणमामा माझा शेजारी. गाण्यांच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचा. जेवतानासुद्धा त्याची बोटं ताटाच्या काठावर बटणं दाबत असायची, म्हणून हे नाव. मागच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या बुधवारी, रात्री सव्वानऊला तो स्टुडिओची किल्ली घेऊन निघाला. काम साधंच होतं. मालकाने जागा विकली होती, सकाळी सामान हलणार होतं, त्याआधी आक्कांच्या अल्बमची टेपची रिळं आणायची होती.

आक्का लोकगीतं गायच्या. आई-आजीकडून तोंडोतोंडी आलेली, कागदावर कुठेच नसलेली. आठ गाण्यांचा तो अल्बम एकोणीस वर्षं अडकून पडला होता. शेवटचं रीळ खराब झालं, असं मामाने आक्कांच्या घरच्यांना सांगितलं होतं. आता आक्कांची लेक मागे लागली होती. "मामा, असेल तसं द्या. आईचा आवाज मला घरात हवाय."

खरं काय ते मामालाच ठाऊक. आक्कांचा शिरस्ता होता, गायलेलं स्वतः ऐकल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. "ऐकव बरं, लेका," म्हणायच्या, आणि मगच पायात चपला. शेवटच्या दिवशी त्या फार दमल्या होत्या आणि मामाची शेवटची बस आठ वाजून दहा मिनिटांची. काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत आक्का डोळे मिटून शेवटचं कडवं गात होत्या, तेव्हाच याने मशीन बंद करून आवराआवर सुरू केली. उद्या पुन्हा घेऊ, असं मनाशी म्हणाला. तोंडाने म्हणाला, "सगळं छान आलंय, आक्का. उद्या ऐकवतो." त्या विश्वासाने घरी गेल्या. पहाटे झोपेतच गेल्या. ते कडवं दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

म्हणून मामाचा बेत असा, की पहिलंच कडवं शेवटी जोडायचं आणि रीळ लेकीच्या हातात द्यायचं. तिला काय कळणार?

स्टुडिओचं दार वीतभर जाड. खिडकी नाही. मामाने दार ओढून घेतलं, रीळ चढवलं. गाणं वाजलं, अर्ध्यात तुटलं. तो जोडकामाला बसला, आणि दारावरचा लाल दिवा लागला.

तो दिवा फक्त रेकॉर्डिंग चालू असताना लागतो. मशीन तर बंद होतं.

मामा उठला. कडी फिरली. दार हललं नाही. फोनला रेंज नाही. तो ओरडला, मुठी सुजेपर्यंत दार बडवलं. समोर आवाज मोजणारा मीटर होता, त्याचा काटा जागचा हलला नाही. मग तो दमून गप्प झाला... आणि काटा हलला. कुणी घसा साफ करावा, तेवढाच.

"ऐकव बरं, लेका."

त्याने ऐकवलं. गाणं तिथेच तुटलं.

"पुढचं?"

त्याने रीळ मागे नेलं. पुन्हा वाजवलं.

"पुढचं?"

दोन वाजले. पावणेचार. बाटलीतलं पाणी संपलं. त्याने पहिलं कडवं जोडून ऐकवलं.

"हे आधी गायलेय मी. पुढचं?"

सकाळी सात वाजता मामाने काचेला कपाळ टेकलं. "आक्का, मी बंद केलं होतं. बस गाठायची होती. तुम्ही गात होतात आणि मी..."

काटा शून्यावर.

त्याने जोडलेला तुकडा काढला, रीळ गाणं तुटलं त्या जागी आणलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. तोंडावर हात घट्ट धरला. श्वाससुद्धा जपून घेतला. काटा वर गेला. खाली आला. कानाला काही नाही. एका कडव्याएवढा वेळ...

दिवा विझला. दार आपसूक उघडलं. जिन्यात सामान हलवणारी माणसं उभी होती.

संध्याकाळी लेकीकडे रीळ वाजवलं, तेव्हा मशीन उचलून न्यायला मीच होतो. कडवं आलं. अख्खं. लेक हमसून रडली. तरी तो अल्बम तिने अजून बाहेर काढलेला नाही. कारण त्याच कडव्यात, आक्कांच्या आवाजाखाली, खूप लांबून दार बडवल्याचा आवाज येतो. आणि एक पुरुष बोलतो.

लेकीने मान वर केली. "मामा, हा तुमचा आवाज?"

मामा पांढराफटक पडला. कडवं चालू असताना त्याने तोंड उघडलंच नव्हतं. सवयीने त्याचं बोट बटणाकडे गेलं, तेवढ्यात रिळातला मामा म्हणाला...

"बंद करू नका. मी अजून आतच आहे."