सांध्यावरची पट्टी

कामठ्यातल्या चैतरामच्या घरात ज्या खोलीला सगळे 'नवी' म्हणायचे, ती त्याच्या बापाने काढली होती. जुन्या घराच्या मातीच्या भिंतीला टेकवून बांधलेली, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. खोली चांगली होती, खोड होती ती सांध्यात. भिंत आणि छप्पर जिथे भेटतात तिथे दर उन्हाळ्यात, कवेलू फेरताना, शेणमातीचा गिलावा भरायचा, आणि पावसाळ्यात तो फुगून सुटायचा. मग भिंतीवरून ओघळलेलं पाणी थेट आत.

चैतराम लहान असताना त्याची माय, रुख्माबाई, तो झोपला की त्याच्यावर पितळी परात धरून बसायची. परात भरली की उंबऱ्याबाहेर ओतायची, परत येऊन धरायची. बायका चेष्टा करायच्या. रुख्माबाई म्हणायची, छप्पर गळते तर गळू दे, मी बसली आहे ना.

पण चैतरामचं पहिलं पोर याच खोलीत छातीत कफ भरून गेलं. तेव्हापासून त्या सांध्याशी त्याचं वैर होतं. बायकोला, धुरपताला, पुन्हा दिवस गेले तेव्हा त्याने बंडी जुंपली आणि गोंदियाला श्यामलाल पत्रेवाल्याचं दुकान गाठलं. या खेपेला घरात पाण्याचा टिपूस येऊ द्यायचा नव्हता.

श्यामलालने गिलाव्याचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. "मिट्टी मत भरो, भैया. पट्टी का ऊपरवाला किनारा दीवार के अंदर, नीचेवाला कवेलू के ऊपर. पानी अपने आप बाहर जाएगा." त्याने जस्ताच्या पत्र्याची लांब पट्टी वाकवून दिली. ती भिंतीत बसवायची राहिली, कारण त्याच आठवड्यात मायने नव्या खोलीत, भिंतीलगतच्या खाटेवर, अंथरूण धरलं.

जेठ सरत आला तरी माय ना इकडे ना तिकडे. तोंडातून शब्द नाही, डोळे मात्र धुरपताच्या पोटावर. तिकडे असा जीव अडकला की माणसाच्या डोक्यावरचं एक कवेलू सरकवतात, जिवाला वाट मिळावी म्हणून. सरकवायचं मुलाने, आणि परत लावायचं ते मसणवट्यातून आल्यावर. शेजारचे दुधरामकाका म्हणाले, "चैतराम, मायचा जीव अडकून राहिला. सरकव आता."

चैतरामने भिंतीलगतचं कवेलू सरकवलं. तो खाली उतरतो तोच सर आली, आणि पाणी बरोबर मायच्या तोंडावर पडू लागलं. खाट हलवायची नाही, काका म्हणाले. चैतरामला ते बघवेना. जिने जन्मभर परात धरली, तिने भिजत मरावं? काका नको नको म्हणत असताना तो पुन्हा वर चढला, कवेलू जागेवर बसवलं, आणि चढलोच आहे तर म्हणून भिंतीत खाच पाडून ती पट्टीही ठोकून टाकली.

निथळत खाली आला तेव्हा माय गेली होती. कवेलू लागायच्या आधी गेली की नंतर, हे कुणाला सांगता येईना. ठोकण्याच्या आवाजाने सगळे वरच बघत होते.

त्या पावसाळ्यात सांध्यातून थेंब आला नाही. लोक मुद्दाम पट्टी बघायला आले, आणि खोटं कशाला बोला, चैतरामची मान जरा ताठ झाली. श्रावणात मुलगी झाली. मायची खाट होती तिथेच मयालीला, छपराच्या तुळईला, पाळणा बांधला.

मग उघडीप पडली, आणि खोली गळू लागली.

बाहेर लख्ख ऊन. चैतराम वर चढला तर पट्टीला हात लावता येत नव्हता, इतकी तापलेली. खाली मात्र पाळण्यात थेंब पडत होते. धुरपताने तळहात पुढे केला. पाणी कोमट होतं. पाळणा दुसऱ्या कोपऱ्यात नेला, थेंब तिथे आले. जुन्या घरात नेला, तिथेही आले. दुपट्यामागून दुपटी भिजली. मुलगी शिंकू लागली, आणि एका सकाळी तिच्या छातीतून घरघर ऐकू आली. तो आवाज दोघांच्याही ओळखीचा होता.

धुरपता त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माय गेलीच नाही. तुमी वाट बंद केली तिची."

"कायले भलतंसलतं बोलतेस?"

"मंग उघडून पाहा. पोरगी घरघरून राहिली. अजून कायची वाट पाहता?"

चैतराम शिडीवर चढला. स्वतःच्या हाताने बसवलेली पट्टी त्याने पहारीने उचकटली, त्याखालचं कवेलू काढलं. वाराही हलला नाही. त्याने हात जोडले, म्हणाला, "जा माय." आतून धुरपताने सांगितलं, थेंब थांबले. तिथे छपरावर बसून तो पोटभर रडला. मायला दिवस मावळेपर्यंत वाट मोकळी ठेवायची, असं त्याने ठरवलं.

पण दुपार कलली आणि तिरोड्याकडून अंधारून आलं. थेंब थांबले म्हणून पाळणा पुन्हा मायच्या जागीच टांगला होता. धुरपता अंगणात वाळवण गोळा करत होती, चैतराम गोठ्यात. सर कोसळली तसा तो पोरीचं नाव घेत धावत सुटला आणि दारातच थबकला.

वरच्या भोकातून पाण्याची धार आत येत होती.

पाळण्याच्या हातभर वर ती थांबत होती. खाली एक थेंब नव्हता. दुपटं कोरडं होतं. घरघर नव्हती.

मुलगी जागी होती, टक लावून वर बघत होती.

मग तिची नजर हलली. सावकाश, जमिनीवरून कुणी चालत जावं तशी, पाळण्यापासून दाराकडे आली. उंबऱ्याबाहेर, चैतरामच्या पायाशी, पाणी ओतल्याचा आवाज झाला.

नजर तशीच सावकाश परत पाळण्याशी गेली.

थोड्या वेळाने ती पुन्हा दाराकडे येऊ लागली, आणि चैतराम वाट देऊन बाजूला झाला.