अमातुंगुळूचं कुंपण

मोंडली मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या कुंपणात अडकलेला. पळालेल्या बकरीमागे धावता धावता अमातुंगुळूच्या जोडकाट्यांनी त्याचा सदरा धरून ठेवला होता. बकरी निघून गेली, हा तिथंच.

"हसतेस काय? सोडव ना."

"चोरांसाठीच लावलंय कुंपण."

"चोरण्यासारखं आहे काय त्यात? फुलं एवढी... अन् फळ एकसुद्धा नाही."

ते मात्र मला लागलं. अमातुंगुळू म्हणजे करवंदाची थोरली बहीण. तशीच पांढरी, घमघमणारी फुलं, फळ मात्र लालबुंद, छोट्या लिंबाएवढं. जुन्या घरी आजूबाजूला रानभर अशीच झुडपं होती, आईचं झुडूप फळांनी लगडायचं आणि बुलबुल नुसते तुटून पडायचे. आई गेल्यावर त्याच्याच फांद्या आणून मी नव्या अंगणाभोवती लावल्या. बाबांची नजर गेलेली. अंगणात बसून रोज विचारायचे, "खेथीवे, पाखरं आली का गं?"

"सगळ्या फांद्या एकाच झुडपाच्या?" मी काटे सोडवत असताना त्यानं विचारलं. "मग बरोबर आहे. आपल्यात तरी एका कुळात सोयरीक होते का? याला परक्या कुळातलं झाड हवं. आमच्याकडे आहे... देऊ?"

"झाडच ना?" मी म्हटलं.

बिचारा कानापर्यंत लाजला.

त्यानं फांदी डब्यात लावली आणि तिची खबर द्यायला रोज येऊ लागला. आज कोंब आला, आज पान उलगडलं. बाबा मिश्कीलपणे म्हणायचे, "फारच बोलकं रोप आहे हं हे." मीही वाट बघायला लागले होते—रोपाची नव्हे.

मग अचानक तो यायचा थांबला. एका सकाळी नळावर माझी मैत्रीण झोड्वा म्हणाली, "पाहिलंस? मोंडलीच्या अंगणात पांढरं निशाण लागलंय."

आमच्याकडे मुलीनं होकार दिला की मुलाच्या घरी पांढरं निशाण चढतं. बादली तिथंच टाकून मी टेकडी चढले. काठीवर पांढरं कापड फडफडत होतं आणि हा खाली मातीत हात घालून बसला होता.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस."

त्यानं काठीखालचं रोप दाखवलं. शेंडा पार कुरतडलेला. "बकरीनं खाल्लं गं. कुठल्या तोंडानं येणार होतो? राखण करत बसलोय. बुजगावणं म्हणून पिठाचं पोतं फाडून बांधलं."

"पांढरंच?"

"पिठाचं पोतं काळं असतं का?"

मला हसूही येईना, रडूही. कुरतडलेल्या शेंड्याखाली एक नवा कोंब फुटला होता.

"सकाळपासून मावश्या अभिनंदन करून जातायत," तो हळूच म्हणाला. "काढून टाकतो..." त्याचा हात काठीपाशी जाऊन तिथंच रेंगाळला.

"राहू दे," मी म्हणाले.

"लोक विचारतील, कोणी होकार दिला..."

"मग सांग ना—खेथीवेनं."

ते रोप आमच्या कुंपणात लागलं. त्याला फुलं आली त्या वर्षी सगळं कुंपण लाल झालं. बाबांना काही विचारावंच लागलं नाही, बुलबुलांनी पहाटेपासून नुसता कालवा मांडला होता. बाबा गालात हसत ऐकत बसले. ते हसू अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आता बाबा नाहीत. मोंडलीचं डोकं पांढरं झालंय. आरशात बघून मधूनच विचारतो, "रंगवू का गं?"

"राहू दे," मी म्हणते.