पंख्यात अडकलेली पिसं

नंदुरबारहून एसटीनं नवापूरला परतत होते मी. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी, आणि तिचं पाणी शेजारच्याच्या चपलेवर – टप्… टप्…

"काय शे यामा? मासा?" त्यानं विचारलं.

"संगणक."

तो हसला. मी फडकं उघडलं तसं त्याचं हसू विरलं.

तळहाताएवढा तो संगणक आमच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये उन्हाचा ताव मोजायचा, फवारे सोडायचा. पण भर दुपारी स्वतःच तापून बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, गार ठेवा. मी माठाला गुंडाळतात तसं गुंडाळलं.

"पानी नको, वारा पाह्यजे त्याले," शेजारचा म्हणाला. नाव चंदन, शहाद्याचा. पोल्ट्र्यांचे कॅमेरे दुरुस्त करत फिरायचा.

दुसऱ्या दिवशी आला. चिपवर तिचा ताव ओढून घेणारं, कंगव्यासारख्या दात्यांचं हीटसिंक चिकटवलं, वर इवलासा पंखा. घुर्र… घुर्र…

आई नाही. बाबा सुरतेकडे मजुरीला. शेडभर जीव, पण बोलायला तेवढी ती घुरघुर.

आठवड्याभरात पंख्यात पिसं अडकली. चंदन आला, ब्रशनं साफ करत बसला.

"तुमच्या पंख्याला पिसं फार आवडतात," मी म्हटलं.

"त्याले नही. पिसासले तो आवडस."

मी मान वळवली… कोंबड्यांकडे बघत राहिले उगाच.

मग तसंच होत राहिलं. घुरघुर अडखळली की काळजी वाटायला हवी होती. मी मात्र केस विंचरायला घ्यायची.

मे महिन्यात एका दुपारी पंखा गच्च अडकला. संगणक बंद, फवारे बंद. मी विहिरीवरून बादल्या आणून ओतत राहिले, तरी दाराजवळच्या कोंबड्या माना टाकून पडल्या. संध्याकाळी चंदन पोचला. आल्या आल्या खड्डा खणू लागला.

सकाळी त्यानं नवी डबी आणली. सगळीच ॲल्युमिनियमची, पाठीवर उभे दाते. पंखाच नाही.

"हे असं मिळतं?"

"मिळस."

"आधीपासून?"

तो स्क्रू पिळत राहिला. "माले माहीत व्हतं, पिसं अडकतीन… मंग माले येनं पडी."

राग आला मला. त्या कोंबड्यांसाठी आला, खरंच आला. आणि रागाच्या खाली काहीतरी असं धडधडलं, की मी खांब धरला.

"पुन्हा असं करू नका."

"आते हाई बंद पडाव नही," तो म्हणाला. "मन्हं काम सरनं."

पिशवी खांद्याला लावून निघाला. शेड एकदम मुकी झाली… ती घुरघुरही नाही. उद्या नाही, परवा नाही. दारापर्यंत त्याची सावली गेली तेव्हा माझा आवाज फुटला.

"चंदन… काम नसताना ये."

तो थांबला. वळला नाही.

"कोनी इचारं ते काय सांगू?"

"माझं नाव सांग. रूथ."