पंचाची टाळी

हॉटेलच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत ती आपला पांढरा हातमोजा शोधत होती आणि सापडत नाही म्हणून स्वतःवरच चिडत होती. धुवायला सहा टाकले होते, निघाले पाच. यंत्राच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून झाला, मागे वाकून बघून झालं, शेवटी तिने यंत्राला एक चापटही दिली.

“त्याला कशाला मारताय? चोर मी आहे.”

दारात एक उंच, चष्मेवाला माणूस उभा होता. एका हातावर ओल्या शर्टांचा ढीग आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत तिचा हातमोजा, मेलेला उंदीर धरावा तसा.

“तुमच्यानंतर मी कपडे टाकले. हा आत चिकटून राहिला असणार… माझ्या बाहीत निघाला.” मग तिच्या हातातल्या पाच मोज्यांकडे बघून तो म्हणाला, “एवढे लागतात कशाला? दरोडे घालता का?”

“रोज एक जोडी. कधी कधी दोन.”

“आणि अजून कुणी पकडलं नाही?”

“पकडायचं काम माझंच असतं.”

तो हसला. वाफेने त्याचा चष्मा पार धुरकट झाला होता. त्याने तो ओल्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि होता त्याहून घाण केला. तो हिसकावून घेऊन नीट पुसून द्यावा असं तिच्या अगदी मनात आलं होतं… पण अनोळखी माणसाचा चष्मा! तिने मोजे गोळा केले आणि जिना चढली. उद्या सकाळी कॉफी घेऊ या का, हे त्याने पाठीमागून विचारलंच. काम आहे, ती म्हणाली. मलाही आहे, तो म्हणाला. कसलं, ते दोघांपैकी एकालाही विचारायचं सुचलं नाही. विचारलं असतं तर दोघांनीही तिथेच कानाला खडा लावला असता.

कारण सकाळी ती टेबल नंबर तीनपाशी, हात मागे बांधून, हातमोजे चढवून उभी राहिली आणि समोरून काळं जाकीट, बो टाय आणि तोच चष्मा चालत आला.

ती स्नूकरची पंच होती आणि तो खेळाडू. मोसमातली ही शेवटची रँकिंग स्पर्धा, आणि तिचं या पातळीवरचं पहिलंच वर्ष. पंचाने काय करायचं नसतं याची तिच्याकडे मोठी यादी होती. बोलायचं नाही, हसायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. शॉट कितीही झकास बसो, टाळी वाजवायची नाही. आणि खेळाडूशी जवळीक असेल तर ती आधी मुख्य पंचांना सांगायची. मग त्याच्या सामन्याला आपलं नाव लागत नाही. मुख्य पंचांना सगळे हेडमास्तर म्हणत, आणि ते होतेही तसेच.

पण जवळीक? एक हातमोजा म्हणजे काय जवळीक झाली? तिने स्वतःची समजूत घातली.

त्या दिवशी तो छान खेळला. आणि मधेच हातातली क्यूची काठी बाजूला धरून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “मॅडम, पांढरा बॉल पुसून द्याल का?”

हा खेळाडूचा हक्कच असतो. क्यूच्या टोकाचा खडू बॉलला लागला की पंचाने बॉलशेजारी छोटी खूण ठेवायची, बॉल उचलायचा, पुसायचा, होता तिथेच परत ठेवायचा. तिने तो उचलला. बॉल लख्ख होता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा पुसायला सांगितला. पुन्हा लख्ख! तिसऱ्या वेळी तिने बॉल हातात फिरवता फिरवता त्याच्याकडे बघितलं, तर हा आपला छताच्या दिव्यांकडे बघतोय, जसं काही जन्मात दिवा बघितला नाही.

सामना तो जिंकला. कॉफीच्या मशीनपाशी तिने त्याला गाठलंच.

“बॉल स्वच्छ होता.”

“मला धूळ दिसली.”

“चष्म्यावरची. तो पुसा.”

“माझ्याने नीट पुसला जात नाही. तुम्ही बघितलंय ना!”

हसू येऊ नये म्हणून तिने कॉफीचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

पुढचे दोन सामने त्याला दुसरे पंच होते. तेही तो जिंकला. त्यातल्या दुसऱ्याला बॉल एकदाही पुसायला सांगितला नाही, ही बातमी त्या पंचाकडूनच तिला कळली, आणि ती उगाचच दिवसभर खुशीत होती. कॉफी दोनदा झाली. एकदा लिफ्टमध्ये भेट झाली तर लिफ्ट वर न्यायची की खाली यावरूनच दोघांचं इतकं लांबलं की बाहेर उभ्या बाईंनी जिना धरला.

ताईला फोनवर थापा मारणं तिला कधीच जमलं नव्हतं.

“कोण आहे गं?” ताईने विचारलं.

“कोण कुठे? कुणी नाही.”

“तू सलग पाच मिनिटं एका माणसाचा चष्मा सांगतेयस मला. माझ्या लग्नात नवऱ्याबद्दल मी एवढं बोलले नव्हते.”

“ताई, तो खेळाडू आहे.”

“मग? माणूस नाही का?”

“माझ्या टेबलावर आला तर नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी फलकावर निकाल लागले. त्याखाली उद्याचे सामने, आणि शेजारी वर्षाचं रँकिंग. पहिल्या चौसष्टांत जो राहील त्याचं कार्ड टिकणार, म्हणजे पुढच्या मोसमात खेळायला मिळणार. बाकीच्यांनी घरी जायचं आणि पुन्हा पात्रता फेरीच्या गर्दीत उभं राहायचं. तिने बोट फिरवत त्याचं नाव शोधलं. तो पासष्टावा होता. उद्याचा सामना जिंकला तर राहणार, हरला तर बाहेर. समोर काका: सगळे त्यांना काकाच म्हणत, केस पांढरे, पण हात तिशीतला. टेबल नंबर तीन. पंचाच्या रकान्यात तिचं नाव होतं.

हेडमास्तरांच्या दारापर्यंत ती गेलीसुद्धा. पण आत जाऊन सांगायचं काय? सर, दोन कॉफ्या झाल्यात? सर, चष्मा पुसून द्यावासा वाटतो? त्याने अजून तसा एक शब्द म्हटलेला नाही आणि आपण दवंडी पिटायची? ती मागे फिरली. चूक झाली ती इथेच, पुढे टेबलावर झाली ती नंतरची.

सकाळी तो तिच्याकडे बघून फक्त मान लववून उभा राहिला. थट्टा नाही, डोळे मिचकावणं नाही. ओठ कोरडे पडले होते त्याचे. पहिली फ्रेम, म्हणजे पहिला डाव, काकांनी घेतली, दुसरी याने, आणि मग दोघांची अशी काही ओढाताण सुरू झाली की आठ फ्रेममध्ये चार-चार. उरली ती शेवटची. जो घेईल तो पुढे.

तिसऱ्या टेबलावर कॅमेरा नव्हता. खुर्च्यांत मोजकी माणसं, कुणी खोकलंसुद्धा नाही. टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा एवढेच रंगीत बॉल उरले होते. काका चौदा गुणांनी पुढे. तिन्ही बॉल याने पॉकेटमध्ये घातले तर अठरा गुण आणि सामना खिशात. त्यातला एक जरी काकांनी घेतला तर खेळ खलास. पाळी याची होती. पण निळ्याच्या वाटेत गुलाबी आडवा आला होता. निळ्याची जी कड मारायची तीच झाकलेली. केसाएवढंच झाकलेली, पण झाकलेली.

त्याने टेबलाला एक फेरी मारली. मग म्हणाला, “मॅडम… पांढरा बॉल पुसून द्याल का?”

या वेळी खरंच बॉलवर खडूचा निळा ठिपका होता.

तिने खूण ठेवली. बॉल उचलला. जिंक रे बाबा, तिच्या मनात आलं, कसाही जिंक. तिने बॉल पुसला, टेकवला, खूण उचलली आणि मागे सरकली. बोट खुणेला लागलं होतं का? लागलं नसावं. लागलं होतं का?

तो वाकला. क्यू हनुवटीखाली आला. एकदा मागेपुढे झाला, दुसऱ्यांदा झाला… आणि थांबला. टेबलाच्या तिच्या कडेवरून तिलाही आता दिसलं. निळा उघडा होता. पूर्ण उघडा. मघाचा गुलाबी वाटेतून बाजूला झाला होता. म्हणजे पांढराच सरकला होता, तिच्या हाताने, त्याच्या फायद्यासाठी.

बॉल नेमका कुठे होता हे तिला छातीठोक सांगता आलं नसतं. काका खुर्चीत पाणी पीत होते, त्यांना तिथून काही दिसणं शक्यच नव्हतं. सगळ्या खोलीत हे एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि त्याचंच वर्ष त्यावर टांगलेलं होतं.

तो सरळ उभा राहिला.

“मॅडम, बॉल इथे नव्हता.”

“कुठे… कुठे होता?”

“किंचित उजवीकडे.”

तिने नियमाप्रमाणे काकांकडे वळून विचारलं. काकांनी पेला खाली ठेवला. “मला तर ठीक वाटतोय, बाई. तो त्याच्या नुकसानीचं सांगतोय, तर ऐका त्याचं.”

तिने बॉल सरकवला. तो म्हणाला, अजून थोडा. तिने अजून सरकवला. गुलाबीने निळ्याची कड पुन्हा झाकली.

“बस,” तो म्हणाला. “इथेच होता.”

त्याने तिच्याकडे एक नजर टाकली. रागाची नव्हती. ‘घाबरू नकोस’ असं म्हणणारी होती, आणि त्यामुळे तिला उभं राहणं आणखी अवघड झालं.

मारण्यासारखा शॉट राहिलाच नव्हता. त्याने निळा हलकेच कडेला नेऊन लपवला, काकांनी तो परत बाहेर काढला, याने पुन्हा लपवला. कितीतरी वेळ दोघं एकमेकांना असंच खेळवत राहिले. मग याचा एक शॉट जरासा लांबला. काकांनी वाट बघितली नाही. निळा पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज झाला.

“फ्रेम… आणि सामना,” ती म्हणाली. पुढे काकांचं नाव घ्यायचं होतं. ते तिने घेतलं.

हेडमास्तरांच्या दारापाशी या वेळी ती थांबली नाही.

“सर, बॉल ठेवताना चूक माझी झाली. अहवालात लिहा. आणि यापुढे त्यांच्या सामन्याला मला लावू नका.”

“चूक कुणाकडूनही होते. त्यासाठी सामना कशाला सोडायचा?”

“मी त्यांच्याकडे पंचाच्या नजरेने बघू शकत नाही, सर. आज नाही, कालही नव्हते बघत. कालच सांगायला हवं होतं.”

हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं. “हे त्या मुलाला माहीत आहे?”

“नाही. आधी तुम्हाला सांगायचं असा नियम आहे.”

हेडमास्तरांनी पेन पुन्हा उचललं. “जा,” ते म्हणाले. “अहवाल मी लिहितो. तू निघ इथून.”

तो तळघरात होता. बो टाय खिशात, जाकीट पाठीवर टाकलेलं, आणि शर्टांच्या घड्या घालत होता, म्हणजे चुरगळत होता. डोळे लाल होते. तिला बघून त्याने चष्मा लावला.

“तुमच्या हाताला उगाच दोष देऊ नका,” तो म्हणाला. “माझा शेवटचा शॉट लांबला म्हणून हरलो.”

“तुम्ही मारला असता तर कुणालाही कळलं नसतं.”

“मला कळलं असतं. आणि तुम्हाला. मग मी कॉफीच्या मशीनपाशी तुमच्याकडे बघितलं कसं असतं?” त्याने शर्ट उलगडून त्याची पुन्हा तशीच घडी घातली. “एक बरं झालं. आता मी यादीतच नाही. आता माझ्याशी बोललात तर तुमची नोकरी जाणार नाही. म्हणजे… बोलायचं असेल तर.”

“ते मी आधीच सांगून आले.”

“काय?”

“हेडमास्तरांना. मी तुमची पंच होऊ शकत नाही म्हणून.”

त्याने शर्ट खाली ठेवला. “का?”

“का म्हणजे? तुम्ही आवडता म्हणून!” ती जवळजवळ भांडल्यासारखी म्हणाली. “फार आवडता. झालं समाधान?”

“हे हेडमास्तरांना सांगितलं?”

“हो. आणि ताईला तर आधीपासूनच माहीत आहे.”

“म्हणजे मला सोडून सगळ्या गावाला!” तो हसायला गेला आणि त्याचा आवाज मधेच फाटला. “पात्रता फेरी खेळणार आहे मी. परत आलो तर माझ्या टेबलावर तू नसणार.”

‘तू’ त्याच्या तोंडून सहज निसटलं. तिने ते दुरुस्त केलं नाही.

“नसणार. खुर्चीत बसेन, पहिल्या रांगेत. या अख्ख्या आठवड्यात तुझ्या एका शॉटला टाळी वाजवता आली नाही मला. हात मागे बांधून बोटं दुखली माझी.”

“सगळ्यात चांगला कुठला होता?”

तिने एक हातमोजा काढला. मग दुसरा. दोन्ही शर्टांच्या ढिगावर टाकले.

“जो तू मारला नाहीस तो,” ती म्हणाली, आणि त्या घुमणाऱ्या यंत्रांच्या खोलीत एकटीने टाळ्या वाजवायला लागली. जोरजोरात. रडत होती आणि वाजवत होती. तो दोन पावलं पुढे आला आणि तिचे दोन्ही उघडे हात त्याने आपल्या हातांत धरले, तेव्हा कुठे ती थांबली.