पान एकशे एकोणनव्वद

मे महिन्यात ब्रह्मपुरीला दुपारी कुत्रंही नालीतून उठत नाही. हरिदास खोब्रागडे मात्र ओसरीवर बसून पेपर तपासत होता. साल १९८५. बी.ए. भाग दोन, मराठी. नदीपलीकडच्या, नव्या जिल्ह्यातल्या एका केंद्राचा गठ्ठा. त्रेचाळीस उत्तरपत्रिका, कापडात शिवून आलेल्या.

*प्र. ३. नेमलेल्या कादंबरीतील सोमारी या पात्राचे स्वभावचित्र रेखाटा. (गुण २०)*

कादंबरी गाजलेली. लेखक शहरातले, वैनगंगेकाठच्या वनविश्रामगृहात तीन आठवडे राहून त्यांनी ती लिहिली. सोमारी मासे धरणाऱ्या ढीवराची बाई, मुकी. तिच्या नवऱ्याला वाघ नेतो, ती डोहात शिरते, आणि पान १८८ वर शेवटचं वाक्य येतं: 'डोहावर शांतता पसरली.' त्या एका वाक्यावर परिसंवाद झाले होते.

*उत्तरपत्रिका १. 'सोमारी ही अरण्याचे मूक प्रतीक आहे. तिचे मौन हाच तिचा स्वर होय.'*

हरिदासनं दात आवळले. वाक्य त्याचंच होतं. चार वर्षांपूर्वी एका गाईडवाल्याला त्यानं ते लिहून दिलं होतं, नाव न छापण्याच्या अटीवर. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते त्याच्याकडेच परत यायचं, शेकडो अक्षरांत, आणि तो त्याला गुण द्यायचा. वर गाईडमध्ये त्यानंच बजावलं होतं: अवतरण द्या, पान द्या, नाहीतर गुण नाहीत.

पोरानं अवतरण दिलं होतं.

*'मी बोलतच होती. त्याच्या पेनाले आयकू येत नोव्हतं.' (पृ. १८९)*

हरिदास हसला. पुस्तक १८८ लाच संपतं. त्यानं लाल काट मारली.

*उत्तरपत्रिका २. 'सोमारी ही अरण्याचे मूक प्रतीक आहे.' ... 'मी रोज त्याले झिंगे नेऊन द्यायची. थो इचारे, मी सांगे.' (पृ. १९०)*

*उत्तरपत्रिका ३. 'सोमारी ही अरण्याचे मूक प्रतीक आहे.' ... 'ठेकेदाराच्या मानसाईनं डोह अडवला, थे बी सांगतलं. थो मान हालवे.' (पृ. १९१)*

अक्षर वेगळं, शाई वेगळी. एकाची पुरवणी जांभळ्या दोऱ्यानं बांधलेली, एकाची सुतळीनं. चौथ्यात पान १९२. पाचव्यात १९३. एकाचं वाक्य जिथं तुटत होतं, तिथून दुसऱ्याचं सुरू होत होतं.

त्यानं कपाटातून कादंबरी काढली. १८८. मग पुठ्ठा.

संध्याकाळी त्याच्या कॉलेजातले विभागप्रमुख वामनराव आले. मुख्य परीक्षक तेच. चहा ओठाला लावण्याआधी त्यांनी सहा पेपर चाळले.

"सामूहिक कॉपी. सरळ आहे."

"सर, कॉपीत सगळ्यांचं एकच असतं. इथं तर पुढंपुढं चाललंय."

"मग कोणीतरी फळ्यावर लिहून दिलं असेल. खोब्रागडे, ही जंगलातली पोरं. यांना धड एक निबंध येत नाही, आणि ही पुस्तकाच्या पुढचं लिहितात?" ते हसले. "त्रेचाळीसही रद्द करा. सोमवारच्या गाडीनं अहवाल जाऊ द्या."

"त्यांचं वर्ष जाईल, सर."

"तुमचं काय जातंय? गाईडवर तुमचं नाव नाही, हे नशीब समजा."

वामनराव गेल्यावर हरिदासची कानशिलं कितीतरी वेळ तापलेली होती. धड एक निबंध येत नाही! शिकवलं कोणी यांना? फक्त गाईड विकलं. त्यानंच.

सकाळी ढीवरांची बायनाबाई मासोळीचं टोपलं घेऊन आली. त्याची बायको कमला मरळ निवडत होती. हरिदासनं सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, तुमच्याकडं कोणी सोमारी होती का?"

"होती ना. मायी मावशी." बायनाबाईनं तराजू खाली ठेवला. "तुमाले कोनं सांगतलं, मास्तर?"

"मुकी होती ना ती?"

"मुकी?" बायनाबाई कमलाकडं बघून हसायला लागली. "आयका बाई! तिच्या तोंडापायी घाटावर कोनी भांडे घासाले बसे नाई. बंगल्यातल्या सायबाले तर तिनं सारं सांगतलं होतं. थो लिहून घे म्हनत. लिहिलं ना त्यानं?"

"लिहिलं."

"बरोबर लिहिलं?"

"तिला मुकी लिहिलं."

बायनाबाईचं हसू गेलं.

"काऊन?"

कमलानं मासोळीचे पैसे पुढं केले, तर बायनाबाईनं ते न मोजताच पदरात बांधले आणि टोपलं उचललं.

त्यानं पुढचे पेपर ओढले.

*उत्तरपत्रिका १८. '... माया नवऱ्याले वाघानं नाई नेलं. दोघं होते, ठेकेदाराचे. काठीनं मारला, डोहात टाकला. मी वरडली. मंग मले धरलं.' (पृ. २०६)*

*उत्तरपत्रिका १९. 'बंगल्यात कंदील जळत होता. थो वऱ्हांड्यात बसून होता. त्यानं आयकलं. मान वर केली. मंग लिहिलं, शांतता पसरली.' (पृ. २०७)*

हरिदास उठला आणि ओसरीवर दोन चकरा मारून परत बसला. या वाक्याला त्यानं गाईडमध्ये 'कादंबरीचा कळस' म्हटलं होतं.

पुढच्या पेपरांत त्या दोघांची नावं होती. गाव होतं. वार होता.

अहवालाचा छापील कागद समोर होता. *गैरप्रकार आढळला काय?* त्यानं लिहिलं: नाही. पेन कागदात रुतलं, इतक्या जोरानं. खाली *इतर शेरा* म्हणून चार ओळी मोकळ्या होत्या. त्यात ती नावं बसली असती.

तो त्या ओळींकडं बघत राहिला.

मग मनाशी म्हणाला, मी परीक्षक आहे, पोलीस नाही. पोरांचं वर्ष वाचवलं, हे काय कमी झालं? वीस दिले तर वामनराव विचारतील. शून्य द्यायचं नाही. त्यानं बेचाळीस पेपरांना बारा-बारा दिले. शेरा कोरा ठेवला.

बरं वाटलं त्याला. खरंच बरं वाटलं.

शेवटचा पेपर राहिला होता.

*उत्तरपत्रिका ४३. 'मंग मी ब्रह्मपुरीले आली. एक मास्तर ओसरीवर बसून होता. त्यानं सारं वाचलं. मंग त्यानं लिहिलं' (पृ. २३१)*

पुढं काही नव्हतं. आखलेल्या ओळी, कोऱ्या.

त्यानं बारा लिहिले. पेपर गठ्ठ्यावर ठेवला. सुतळी घेतली, एक वेढा दिला.

सुतळीखाली निळी शाई दिसली.

*'बारा. (पृ. २३२)'*

शाई पोराचीच होती. वाळलेली, दोन महिन्यांपूर्वीची.

"झालं का हो?" कमलानं आतून विचारलं. "जेवाले वाढू?"

"कमला, इकडं ये," तो म्हणाला.

"अहो, वाढू का?"

"इकडं ये म्हणतोय ना!" तो ओरडला.

कमला पदराला हात पुशीत दारात आली. त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"केव्हाची इचारून राह्यली," ती म्हणाली. "बोलत काऊन नाई?"