आजोबांच्या आवाजासाठी जागा

केतकीला पडलेलं कोडं असं होतं. आजोबांच्या संगणकातली साठवणीची जागा अर्ध्याहून जास्त रिकामी होती, तरी पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच सूचना यायची, 'मेमरी अपुरी आहे'. जागा रिकामी पडली असताना जागा नाही म्हणायचं, हे कसं?

यंत्र दिसायला साधं होतं. जेवणाच्या डब्याएवढं आणि बरंच जुनं. काम मात्र ते असं करायचं, जे घरात दुसरं कुणी करू शकत नव्हतं. केतकीचे आजोबा, डॉ. दिनकर पाटणकर, भूगर्भशास्त्रज्ञ. केतकी रांगत होती तेव्हा आजारामुळे त्यांचं स्वरयंत्र (गळ्यात आवाज निर्माण करणारा अवयव) काढून टाकावं लागलं. त्याआधी त्यांनी आपला आवाज तासन् तास ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. आता ते मनगटावरच्या छोट्या कळफलकावर वाक्य लिहायचे आणि संगणक त्या साठवलेल्या आवाजावरून शिकून ते बोलून दाखवायचा.

कऱ्हाडात तोवर घरोघरी भिंतीसुद्धा बोलायला लागल्या होत्या, पण त्यांचं सगळं डोकं दूरच्या संगणककेंद्रात असे. आजोबांना ते नको होतं. "माझा आवाज माझ्या घरात राहू दे," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

अलीकडे तो आवाज फार उशिरा येऊ लागला होता. घरातले थांबायचे. बाहेरचे कशाला थांबतील? वसाहतीच्या बैठकीत टेकडीच्या पायथ्याशी पाण्याची नवी टाकी बांधायचा विषय निघाला. आजोबांची बोटं कळफलकावर भराभर चालली. सगळ्यांनी थोडी वाट पाहिली. मग अध्यक्ष जगदाळेकाका म्हणाले, "डॉक्टरांचं काही म्हणणं दिसत नाही. पुढचा विषय घेऊ."

गाड्या कुठे लावाव्यात यावर वाद रंगात आला होता, तेव्हा पिशवीतल्या संगणकातून आवाज आला, "तिथली माती घसरती आहे. आधी तपासणी करा." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आजोबांनी कळफलकावरून हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी केतकी तो संगणक घेऊन त्यांच्यासमोर बसली. "आजोबा, मी तुमचे जुने फोटो काढून टाकू का? जागा होईल."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "फोटोंनी अडलेलं नाही. मेमरी आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मग थांबत थांबत त्यांनी समजावून सांगितलं. ते नोकरीला होते तेव्हा भूकंपाच्या नोंदींचे कागदी पट्टे गोदामात ठेवलेले असत. अभ्यास करायचा तर हवे ते पट्टे टेबलावर आणून पसरायचे. गोदाम कितीही मोठं असलं तरी काम व्हायचं ते टेबलावर.

"संगणकाचं टेबल म्हणजे रॅम (चालू कामापुरती मेमरी)," आजोबांचा संगणक म्हणाला. "वीज गेली की हे टेबल पुसून कोरं होतं. आणि गोदाम म्हणजे हार्ड डिस्क (कायमची साठवण). तिथलं वीज गेली तरी राहतं."

केतकीने विचार केला. "म्हणजे तुमचं गोदाम रिकामं आहे, पण टेबल भरलंय."

आजोबांनी मान हलवली.

"मग टेबलावर मावत नाही ते कुठे जातं?"

"परत गोदामात. लागलं की पुन्हा टेबलावर. त्यासाठी आधी दुसरं काहीतरी उचलायचं. माझ्या एका वाक्यासाठी हे कितीतरी वेळा चालतं."

उशिराचं आणखी एक कारण होतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरते आणि एक बारीक दांडा तिच्यावर इकडून तिकडे सरकत माहिती शोधतो. त्या हालचालीला वेळ लागतो. एसएसडी (हलणारे भाग नसलेला साठवणसंच) या प्रकारात चकतीही नाही, दांडाही नाही. माहिती विद्युतभाराच्या रूपात चिपमध्ये साठते आणि पाहिजे तिथून लगेच हाती येते.

"म्हणजे टेबल मोठं करायचं आणि गोदामही बदलायचं," केतकी म्हणाली. "पण गोदाम बदललं तर तुमचा आवाज?"

"तो सगळा त्या चकतीवरच आहे," आजोबांनी लिहिलं. "म्हणून आधी एक प्रत."

त्यांनी बाहेरून जोडायच्या दुसऱ्या डिस्कवर सगळ्या ध्वनिमुद्रणांची प्रत करून घेतली. केतकीने मधली दोनचार उघडून ऐकली आणि प्रत शाबूत असल्याची खात्री केली. चार दिवसांनी टपालखात्याचा ड्रोन गच्चीवर एक छोटं खोकं ठेवून गेला. त्यात रॅमच्या दोन पट्ट्या आणि बोटाएवढी एसएसडी होती.

आजोबांच्या अंगठ्यांत आता तेवढा जोर नव्हता, त्यामुळे काम केतकीने करायचं ठरलं. संगणक बंद करण्याआधी आजोबा म्हणाले, "आता मला बोलता येणार नाही. माझ्या हातांकडे बघ. घाई करू नकोस."

तिने संगणक बंद केला, वायर आणि बॅटरी काढली आणि आत उरलेली वीज निघून जावी म्हणून चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. आजोबांनी खिडकीच्या लोखंडी गजाकडे बोट दाखवलं. तिने गजाला हात लावला. आपल्या अंगावर स्थिर वीज (घर्षणाने साचणारा विद्युतभार) असते आणि तिच्या एका ठिणगीने चिप निकामी होऊ शकते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

झाकण उघडलं. जुन्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर सरकवताच त्या तिरक्या होऊन वर आल्या. नवी पट्टी ती उलटी बसवायला निघाली तेव्हा आजोबांनी तिचं मनगट धरलं आणि पट्टीच्या कडेची खाच दाखवली. ती खाच आणि खोबणीतला उंचवटा जुळले तरच पट्टी आत जाते. मग पट्ट्या तिरक्या घालून खाली दाबल्या. एसएसडी तिच्या खोबणीत सरकवून बारीक स्क्रूने पक्की केली. जुनी डिस्क अजून जागेवरच होती, कारण तिच्यातलं सगळं नव्या एसएसडीवर उतरवायचं होतं.

बॅटरी आणि वायर लावली. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. बटणाजवळचा दिवा नुसता लुकलुकत होता.

केतकीने आजोबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज नव्हता. घर एवढं शांत कधी नसायचं. आवाज चकतीवर आहे, प्रतही आहे, हे तिने मनाशी दोनदा म्हटलं.

आजोबांनी हवेत दोन अंगठे खाली दाबून दाखवले. मग दोन्ही कानांमागे हात लावले.

कान? ऐकायचं? काय ऐकायचं?

तिने वायर आणि बॅटरी पुन्हा काढली, पट्ट्या बाहेर घेतल्या. मघाशी त्या नुसत्या टेकल्या होत्या. या वेळी तिने आधी पट्टी आतपर्यंत ढकलली आणि मग दोन अंगठ्यांनी खाली दाबली. 'टक्' असा आवाज झाला आणि दोन्ही खिट्ट्या आपोआप लागल्या. दुसऱ्या पट्टीचंही तसंच. आजोबा हसले.

बॅटरी आणि वायर लावून तिने बटण दाबलं आणि पडदा उजळला. जुन्या डिस्कवरचं सगळं एसएसडीवर उतरायला दुपार गेली. मग पुन्हा सगळं बंद करून तिने जुनी डिस्क काढली आणि आजोबांनी ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली.

पुढच्या बैठकीत टाकीचा विषय आजोबांनीच पुन्हा काढला. जगदाळेकाकांनी विचारलं, "पण डॉक्टर, टेकडी तर पक्की दिसते?" त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच उत्तर आलं, "वरचा थर पक्का आहे. खालच्या थरात पाणी मुरतं." पुढच्या प्रश्नालाही तसंच. कुणी हसलं नाही. माती तपासल्याशिवाय टाकी बांधायची नाही असं ठरलं.

घरी आल्यावर केतकी पडद्यावर रॅमचा आलेख पाहत बसली. "आजोबा, टेबलाचा मोठा भाग अजून मोकळाच आहे. तिथे काय ठेवायचं?"

आजोबांनी आवाजाच्या प्रोग्रॅममधली एक खिडकी उघडली. तिथे दोन पर्याय होते, 'हलका आवाज' आणि 'पूर्ण आवाज'. दुसरा पर्याय इतकी वर्षं फिका दिसत असे, कारण तो या यंत्राला पेलत नव्हता. हलक्या आवाजात शब्द तेवढे आजोबांचे होते. श्वास, हेल, वाक्याच्या शेवटी आवाज उतरवायची लकब हे सगळं वगळलेलं होतं. केतकीला वाटायचं, आजोबा असेच बोलत असणार.

आता तो पर्याय ठळक दिसत होता. तिने तो निवडला. आजोबांनी लिहिलं.

"सुमे, चहा टाकतेस का गं?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातातल्या पातेल्यातून पाणी ठिबकत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "पुन्हा म्हणा."

आजोबांनी पुन्हा लिहिलं आणि यंत्राने पुन्हा म्हटलं. 'गं' वर तो आवाज जरासा लांबला. आई पातेलं तसंच जमिनीवर ठेवून त्यांच्याजवळ बसली. चहाचं कुणी नाव काढलं नाही.

"केतकी," आजोबा त्याच आवाजात म्हणाले, "माझ्यासारखी आणखी माणसं आहेत. आवाज साठवून ठेवलेली, पण जुन्या यंत्रात अडकलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचं का?"

केतकीने स्क्रू काढायचा पेचकस शोधायला सुरुवात केली.